डोक्याला मार लागल्यानंतर लहान मूल वेगळंच वागायला लागलं तर घरी काय करायचं

मुलाच्या डोक्याला मार लागला, आयसीयू झालं, टाके निघाले, पोर परत चालायला बोलायला लागलं, सगळे म्हणाले चला, जिवावरचं निभावलं. आणि मग घरी आल्यावर थोड्या दिवसांनी हे वेगळंच सुरू होतं. आधी शांत असलेलं मूल चावायला लागतं, खेळणी फेकतं, नुसतं "चल आंघोळीला" म्हटलं तरी जमिनीवर लोळण घेतं, अनोळखी माणसाच्या मांडीवर जाऊन बसतं, रात्री धड झोपत नाही. चालणं, बोलणं, गिळणं सगळं तपासून झालेलं असतं पण या वागण्याबद्दल आईबापांना कोणी फारसं सांगितलेलं नसतं, म्हणून हे लिहितेय. साधारण दोन ते आठ वर्षांची मुलं डोळ्यासमोर ठेवलीयेत. आणि मार म्हणजे फक्त पडणं किंवा गाडीचा अपघात नाही हां, मेंदूज्वर, लहान वयातला स्ट्रोक, ट्यूमरचं ऑपरेशन, बुडता बुडता वाचलेलं मूल ज्याच्या मेंदूला काही वेळ ऑक्सिजनच मिळाला नाही, या सगळ्यांनंतर हेच होऊ शकतं आणि घरी करायचं कामही बरंचसं सारखंच असतं.

मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकते. अशा मुलाचं वागणं तमाशा झाल्यानंतर सुधारत नाही, तमाशा व्हायच्या आधी सुधारतं. आपली सगळी ताकद नंतरच्या ओरडण्यात, समजावण्यात, शिक्षेत जाते आणि तिथे फार कमी हाती लागतं. तीच ताकद आधीच्या अर्ध्या तासात घातली तर फरक दिसतो.

शिक्षेने काही का होत नाही

कोपऱ्यात उभं करणं, "थांब, संध्याकाळी बाबांना सांगते", "आठवडाभर नीट वागलास तर सायकल", हे सगळं चालायला मुलाच्या डोक्यात तीन कामं व्हावी लागतात. मगाशी काय झालं ते लक्षात राहायला हवं, पुन्हा तशीच वेळ आली की ते ऐनवेळी आठवायला हवं, आणि आठवलं तरी हात उगारायच्या आधी स्वतःला थांबवता यायला हवं. मेंदूला इजा झालेल्या पुष्कळ मुलांमध्ये नेमकी हीच कामं बिघडलेली असतात. कपाळामागचा फ्रंटल लोब आणि कानाच्या बाजूला कवटीत असलेला टेम्पोरल लोब हे दोन्ही कवटीच्या आतल्या खडबडीत हाडाला टेकून असतात, त्यामुळे डोक्याला जोरात धक्का बसला की हे भाग घासले जातात, मग बाहेरून मार डोक्याच्या मागे का लागलेला असेना. आणि स्वतःला आवरायचा जो ब्रेक असतो तो बऱ्यापैकी या फ्रंटल लोबमध्येच असतो. हा भाग सगळ्यांचाच पंचविशीच्या आसपास जाऊन पूर्ण तयार होतो, म्हणजे चार वर्षांच्या कुठल्याही मुलाचा ब्रेक कच्चाच, आणि इथे तर त्या कच्च्या ब्रेकलाच मार लागलाय.

म्हणून "याला सगळं कळतं, मुद्दाम करतो" हे वाक्य घरात बंद करा. त्याला विचारलं की "मारायचं का?" तर ते बरोब्बर "नाही" म्हणेल आणि दोन मिनिटांनी मारेल. नियम माहीत असणं वेगळं आणि त्या क्षणाला तो पाळता येणं वेगळं, ही दोन कामं मेंदूत वेगवेगळी होतात.

अजून एक, डिस्चार्जच्या कागदावर "माइल्ड" लिहिलंय म्हणून "मग तर काहीच नव्हतं" असं धरून चालू नका. माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर हे शब्द बहुतेक वेळा ग्लासगो कोमा स्केलवरून येतात, १९७४ साली ग्रॅहम टीझडेल आणि ब्रायन जेनेट या दोन डॉक्टरांनी ग्लासगोमध्ये बनवलेलं हे माप, ३ ते १५ मार्कांचं, १३ ते १५ माइल्ड, ९ ते १२ मॉडरेट, ८ किंवा कमी म्हणजे सिव्हिअर. ते माप डोळे उघडतो का, बोलतो का, हात हलवतो का एवढंच बघतं. मूल शुद्धीवर किती आहे हे कळायला ते चांगलंय, पण सहा महिन्यांनी शाळेत ते शेजारच्या मुलाचे केस ओढेल की नाही हे त्यातून कळत नाही.

दिसतं एक, असतं दुसरं

हा भाग नीट वाचा कारण निम्मी भांडणं इथेच मिटतात.

मूल नुसतं बसून राहतं, खेळणी समोर असून हात लावत नाही, चड्डी घाल म्हटलं तर चड्डी हातात घेऊन बघत बसतं. आळशी वाटतं. पण बऱ्याचदा काम सुरू करायची जी किल्ली असते तीच अडकलेली असते, इच्छा असते पण सुरुवातच होत नाही. अशा वेळी ओरडण्यापेक्षा त्याचा एक पाय आपण चड्डीत घालून द्यायचा, पुढचं ते करतं.

"जेवलास का?" "हो, जेवलो, आजीने भरवलं." आणि आजीने भरवलेलंच नसतं. खोटं बोलतंय असं वाटतं. पण आठवण तुटक असेल तर मेंदू मधली गाळलेली जागा आपणच भरून टाकतो आणि मुलाला ते खरंच वाटतं. त्याला खोटारडं म्हणून काही उपयोग नाही, "असं का, चल बघूया" म्हणून पुढे जायचं.

तेच वाक्य किंवा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा. तुम्ही उत्तर देऊन थकता आणि मग चिडता. हे मेंदूचं एका जागी अडकणं आहे. उत्तर एकदा द्या, दुसऱ्यांदा एखाद्या चित्राकडे बोट दाखवा, तिसऱ्यांदा हाताला दुसरं काम द्या. चर्चा करू नका, चर्चेने ते आणखी अडकतं.

चारचौघात कपडे काढणं, कुणालाही मिठी मारणं, घाणेरडे शब्द. लाज सोडली असं लोक म्हणतील. इथेही ब्रेकच. फक्त हे एक लक्षात असू द्या की असं मूल कुणाही परक्याबरोबर चालायला लागतं, त्यामुळे बाहेर हात सोडायचा नाही आणि अंगाला कोणी हात लावायचा कोणी नाही हे चित्रं दाखवून रोज रोज शिकवायचं.

मिनिटात हसू मिनिटात रडू, आणि कारण विचारलं तर त्यालाच माहीत नसतं. कारण विचारूच नका.

आणि थकवा. हा सगळ्यात जास्त फसवतो, कारण थकलेलं लहान मूल मोठ्या माणसासारखं गळून पडत नाही, ते उलट उधळतं, पळतं, ओरडतं, पाय आपटतं. इजा झालेल्या मेंदूला साधी गोष्ट करायलाही जास्त कष्ट पडतात, दोन तास खेळणं म्हणजे त्याच्यासाठी पूर्ण दिवस झालेला असतो. संध्याकाळी जे काही होतं ना, ते बऱ्याचदा हट्ट नसतो, दमणं असतं.

आधी डॉक्टरांकडून काय बघून घ्यायचं

वागणुकीवर काम सुरू करायच्या आधी अंगातलं काही दुखत नाहीये ना हे बघा. लहान मुलाला डोकं दुखतंय हे सांगता येत नाही, ते डोकं भिंतीवर आपटतं. बद्धकोष्ठ, दात, कान, हे सगळं चिडचिडीत बाहेर येतं. ऐकू कमी येत असेल तर ते "ऐकत नाही" असं दिसणारच, म्हणून श्रवण तपासणी करून घ्या. डोळे चांगले असून एका बाजूचं दिसत नाही असंही होतं, ताटातलं एका बाजूचं जेवण तसंच राहतं, त्या बाजूने कोणी आलं की मूल दचकून मारतं. डोक्याला मार लागल्यावर वास येणं जाऊ शकतं, मग जेवणाची चवच लागत नाही आणि जेवताना रोज रडारड.

मध्येच दहा पंधरा सेकंद टक लावून बघत राहतं, हाक मारली तरी हलत नाही, नंतर काही झालंच नाही असं पुढे चालू, असं असेल तर ती फिट असू शकते. मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरांना तोंडी सांगण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

फिटचं औषध चालू असेल तर नाव बघा. लेव्हेटिरॅसिटॅम नावाचं औषध खूप वापरलं जातं, चांगलं आहे, पण काही मुलांना त्याने जबरदस्त चिडचिड आणि आक्रमकपणा येतो. हा माहितीतला साइड इफेक्ट आहे. औषध सुरू झालं किंवा डोस वाढला आणि त्याच सुमाराला वागणं बिघडलं अशी तारीख जुळत असेल तर डॉक्टरांना सांगा, बदलून देता येतं. पण स्वतःहून एक दिवसही बंद करायचं नाही, अचानक बंद केलं तर मोठी फिट येऊ शकते. स्टेरॉइड चालू असेल तरी भूक, झोप, मूड सगळं हलतं.

झोपेचं गणितही डॉक्टरांशी बोला. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास लागतात, ६ च्या पुढे ९ ते १२. इजेनंतर याहून जास्त लागू शकते. घोरत असेल, रात्री सारखं उठत असेल तर दिवसा केलेलं सगळं वाया जातं.

आणि हे घडलं तर वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सीत: वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, उठवूनही नीट जागं न होणं, फिट, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं, एका बाजूचा हातपाय ढिला पडणं, येत असलेली गोष्ट अचानक न येणं. डोक्यात शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी वाहून नेणारी नळी) बसवलेला असेल तर नुसती वाढलेली चिडचिड, सुस्ती आणि उलटी एवढंही पुरेसं कारण आहे. शिवाय काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मूल खूप पाणी प्यायला आणि लघवीला जायला लागलं, उंची वाढणं थांबलं, किंवा मुलीत ८ च्या आधी, मुलात ९ च्या आधी वयात यायच्या खुणा दिसल्या तर हार्मोनची तपासणी करायला सांगा, मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथीही अशा माराने दुखावते.

वही घाला

एक साधी वही. दोन आठवडे, जास्त नाही, कारण जास्त दिवस कोणी लिहित नाही. प्रत्येक भडक्याला तीनच गोष्टी: आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, नंतर आपण काय केलं. वेळ लिहा. "खूप त्रास दिला" असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. असं लिहा: "संध्याकाळी साडेपाच. टीव्ही चालू, पाहुणे आलेले, मी टॅब काढून घेतला. ताईला चावला. मी ओरडले, ताई रडली, टॅब परत दिला."

आता या एका नोंदीत किती काय आहे बघा. वेळ थकव्याची, आवाज दुप्पट, आवडती गोष्ट न सांगता काढली, आणि शेवटी चावल्यावर टॅब परत मिळाला. म्हणजे मुलाचा मेंदू काय शिकला? चावलं की टॅब मिळतो. हे शिकायला स्मरणशक्ती फार लागत नाही, अशा गोष्टी सवयीने आत जातात. दोन आठवड्यांनी वही वाचली की बहुतेक घरांत दोन किंवा तीनच वेळा आणि दोन किंवा तीनच कारणं सापडतात, "दिवसभर असंच करतो" हे आपल्याला थकव्याने वाटत असतं.

भडका व्हायच्या आधीचं काम

खरं काम इथे आहे, म्हणून सावकाश सांगते.

दिवस सारखा ठेवा. उठणं, दूध, आंघोळ, खेळ, जेवण, झोप, त्याच क्रमाने. घड्याळाची वेळ थोडी इकडेतिकडे झाली तर चालेल पण क्रम बदलू नका. ज्याला पुढे काय होणार ते आठवत नाही त्याच्यासाठी प्रत्येक गोष्ट अचानक येते, आणि अचानक आलेल्या गोष्टीला ते हातपाय झाडून उत्तर देतं. भिंतीवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर फोटो लावा, काढलेल्या चित्रांपेक्षा त्याचेच फोटो, त्याचा ब्रश, त्याची बादली, त्याचं अंथरूण. एक झालं की तो फोटो काढून डब्यात टाकायचा, त्यालाच टाकू द्या. बोलून सांगितलेलं विरून जातं, फोटो तिथेच राहतो.

एका गोष्टीवरून दुसरीवर जाणं, म्हणजे खेळ सोडून आंघोळ किंवा अंगणातून घरात, हीच सगळ्यात अवघड जागा. पाच मिनिटं आधी एकदा सांगायचं, मग दोन मिनिटं आधी पुन्हा, पण पाच मिनिटं म्हणजे काय हे त्याला कळत नाही म्हणून वाळूचं घड्याळ किंवा आवाज करणारा टायमर. आणि "खेळ संपला" असं तोडून टाकण्यापेक्षा "वाळू संपली की बदकाला आंघोळ घालूया" म्हणा, पुढच्या गोष्टीचं काहीतरी हातात द्या, रिकाम्या हाताने त्याला उठवू नका. टॅब काढायचा असेल तर व्हिडिओ संपल्यावर काढा, मध्येच नको, एवढ्या एकाच बदलाने संध्याकाळचा एखादा तरी तमाशा टळतो.

बोलणं कमी करा. आपण काय करतो, "अरे सोन्या, ते सगळं उचलून ठेव आणि हात धू आणि मग ये जेवायला, किती वेळा सांगायचं, आजी वाट बघतेय", यातलं पहिलं वाक्य त्याच्या डोक्यात पोचेपर्यंत आपण तिसऱ्यावर असतो. जवळ जा, खाली बसा, नाव घ्या, डोळ्याला डोळा भिडू द्या, मग एकच गोष्ट सांगा: "गाडी डब्यात." आणि गप्प बसा. मनातल्या मनात दहा अंक मोजा. हे दहा अंक फार लांब वाटतात, पण त्याला तेवढा वेळ लागतो, आणि मध्येच आपण पुन्हा बोललो की त्याला परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. काय करू नको हे सांगण्यापेक्षा काय कर ते सांगा. "पळू नको" मध्ये त्याला पळणं ऐकू येतं, "हात धर" हे करता येतं.

निवड द्या पण दोनच. "काय घालणार?" नाही. "लाल की निळा?" दोन्ही हातात धरून. जी गोष्ट ऐच्छिक नाही तिथे प्रश्न विचारूच नका, "औषध घेतोस का?" विचारलं तर "नाही" हे उत्तर खरं धरावं लागेल, त्यापेक्षा "औषध. चमच्याने की कपाने?"

आवाज आणि उजेड. टीव्ही मागे चालू ठेवायची सवय मोडा. पाहुणे, लग्नसमारंभ, मॉल या गोष्टी बंदच करा असं नाही, पण कमी वेळ जा, शक्यतो सकाळी जा, आणि तिथे एक शांत कोपरा आधी बघून ठेवा. मूल कानावर हात ठेवायला लागलं, कान लाल झाले, बडबड एकदम वाढली, डोळे चोळायला लागलं, तर निघा. "अजून पाच मिनिटं थांबू" ची किंमत नंतर तासभर मोजावी लागते. प्रत्येक मुलाच्या खुणा वेगळ्या असतात, आणि त्या सगळ्यात आधी आईच्या नाही तर बरोबर खेळणाऱ्या भावंडाच्या लक्षात येतात असं मला तरी वाटतं, त्यांना विचारा.

विश्रांती थकल्यावर नाही, थकायच्या आधी. वहीत साडेपाचला भडके दिसतायत ना, मग पाचलाच पडदे ओढा, गोधडी, हळू आवाजात गोष्ट किंवा नुसतंच पडणं. झोपलंच पाहिजे असं नाही. मूल "मी नाही दमलो" म्हणणार, ते बरोबरच आहे, त्याला स्वतःचं दमणं कळत नाही, म्हणून ते आपण घड्याळाकडे बघून ठरवायचं. भुकेचंही तसंच.

नवीन काही शिकवताना चुकू देऊ नका. नेहमीच्या मुलांना चूक करून शिकू दे म्हणतात, इथे उलट, कारण ज्याला चूक आठवत नाही पण हाताला सवय लागते त्याची चुकीचीच सवय पक्की होते. बूट घालायला शिकवताना त्याच्या हातावर हात ठेवून बरोबर करून घ्या, मग हळूहळू आपला हात काढा, आधी शेवटच्या पायरीवरून, मग त्याच्या आधीच्या.

भडका झालाच तर

होणारच. सगळं करून सुद्धा होणार. त्या वेळी शिकवायचं काही नसतं, सगळे सुखरूप ठेवायचे एवढंच. बाकीच्या मुलांना खोलीबाहेर पाठवा, जड आणि टोकदार वस्तू लांब करा, टीव्ही बंद, एकच माणूस जवळ. चार माणसं चार बाजूंनी "बाळा शांत हो" म्हणायला लागली की ते शांत होणं शक्य नाही. आवाज खाली, चेहरा साधा, शब्द जवळजवळ नाहीत, "मी इथे आहे" एवढं एकदा म्हणून गप्प. डोळ्यात डोळे घालून बघू नका, बाजूला जरा तिरकं बसा.

घट्ट पकडून ठेवू नका. रस्त्यावर पळतंय, डोकं आपटतंय अशा वेळी पकडावं लागेल ते वेगळं, पण तेव्हाही पालथं पाडायचं नाही, छातीवर पाठीवर वजन टाकायचं नाही, आणि धोका टळला की सोडायचं. डोकं जमिनीवर आपटत असेल तर मध्ये उशी सरकवा. आधीच इजा झालेल्या डोक्याला दुसरा मार नको, म्हणून एरवीसुद्धा सायकलवर हेल्मेट, गाडीत लहान मुलांची सीट, आणि उड्या मारायचे, पडापडीचे खेळ कधी सुरू करायचे ते डॉक्टरांना विचारून.

आणि मारणं, जोरात हलवणं, अंधाऱ्या खोलीत कोंडणं, हे नाही म्हणजे नाही. लहान मुलाला गदागदा हलवलं तर त्यानेही मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आपलाच तोल जातोय असं वाटलं तर मूल सुरक्षित जागी ठेवून दुसऱ्या कोणाला हाक मारा आणि दोन मिनिटं बाहेर जा.

शांत झाल्यावर पाणी द्या, जवळ घ्या. लगेच "का केलंस" सुरू करू नका. काही पडलं असेल तर दोघांनी मिळून उचलायचं, ताईला मारलं असेल तर तिला फुंकर घालायची, तेवढं पुरे. उद्या सकाळी कालची आठवण काढून शिक्षा तर अजिबात नको, त्याच्यासाठी ते कोणीतरी विनाकारण रागावलं असं होतं.

चांगलं वागल्याचं कौतुक मात्र लगेच, त्याच सेकंदाला, आणि नेमकं. "शहाणं बाळ" ने काही कळत नाही, "गाडी ताईला दिलीस, छान!" ने कळतं. बक्षीसही तिथल्या तिथे, एक स्टिकर, एक गोल गिरकी. आठवड्याच्या शेवटची सायकल या मुलांना दिसतच नाही.

एक सूचना, पुष्कळ जण इथे सोडून देतात. चावल्यावर टॅब द्यायचं बंद केलं की पहिले काही दिवस चावणं वाढतं. आधी चालत होतं ते आता का चालत नाही म्हणून ते जोर लावून बघतं. तेव्हाच कंटाळून एकदा टॅब दिला तर जास्त जोराने चावलं की मिळतो हे शिकतं. म्हणून सुरू करायच्या आधी घरातल्या सगळ्यांना बसवून ठरवा, कोण घरी असणार, आजी आजोबांना बघवणार आहे का. बघवत नसेल तर त्यांच्यावर रागावू नका, त्यांना दुसरं काम द्या, रोजची विश्रांतीची वेळ किंवा फोटोंचा डबा त्यांच्याकडे. घरात एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरं करण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून निम्मंच पण सारखं करणं जास्त चांगलं. एका वेळी एकच वागणं निवडा, तेही ज्याने कोणाला इजा होते ते. तोंड वाकडं करणं, थुंकणं वगैरे सध्या राहू द्या.

भावंडं, शाळा, आणि पुढचं

भावंडाला खरं सांगा, त्याच्या वयाला झेपेल तसं. "दादाचा मेंदू दुखावलाय, त्यामुळे त्याला थांबता येत नाही, तुझी चूक नाही, आणि त्याने मारलं तर तू माझ्याकडे पळत यायचं." आणि रोज थोडा वेळ फक्त त्याचा. "तू मोठी ना, समजून घे" हे रोज ऐकणारी मुलगी कधीतरी भडकणारच.

शाळा एकदम पूर्ण वेळ नको. आधी एखादा तास, सकाळचा, मग वाढवत न्या. बाईंना एका पानावर लिहून द्या: काय झालं, कशाने बिघडतं, आधीच्या खुणा काय, काय केलं की शांत होतो. एकच पान, मोठी फाइल कोणी वाचत नाही. बसायची जागा पुढे, दार खिडकीपासून लांब, आणि दमल्यावर जाऊन बसायची एक शांत जागा जी शिक्षेची जागा नसेल.

मदतीसाठी कोणाकडे जायचं तर मुलांचे न्यूरॉलॉजिस्ट, रिहॅब म्हणजे पुनर्वसन केंद्र असेल तर ते, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा जमायला मदत करणारे), स्पीच थेरपिस्ट (बोलता न आल्यामुळे होणारे भडके खूप असतात), आणि मिळाले तर न्यूरोसायकॉलॉजिस्ट, जे आठवण, लक्ष, वेग यांची वेगवेगळी चाचणी घेऊन नेमकं कुठे अडतंय ते सांगतात. वही घेऊन जा. आणि स्वतःची झोप पूर्ण उडाली असेल, सारखं रडू येत असेल तर तेही त्याच डॉक्टरांना सांगा, लाजू नका.

शेवटचं, जे ऐकायला बरं वाटत नाही. "लहान आहे, मेंदू भरून काढतो" असं सगळे म्हणतात आणि ते अर्धवटच खरं आहे. अगदी लहान वयात मोठी इजा झाली तर पुढे जास्तही त्रास होऊ शकतो, कारण जी कामं मेंदूने अजून शिकलीच नव्हती ती कामं शिकायची जागा दुखावलेली असते. तीन वर्षांच्या मुलाकडून कोणी दप्तर भरायची, रांगेत थांबायची, मनातला राग मनात ठेवायची अपेक्षा करत नाही, त्यामुळे तेव्हा सगळं ठीक दिसतं, आणि सात आठव्या वर्षी किंवा अकराव्या बाराव्या वर्षी अचानक अडायला लागतं. तोपर्यंत शाळेतल्या कोणाला जुना अपघात माहीतही नसतो आणि मूल वांड ठरतं. म्हणून डिस्चार्ज समरी आणि स्कॅनचे रिपोर्ट जपून ठेवा, प्रत्येकाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, आणि दर वर्षी नवीन वर्गशिक्षिकेला ते एक पान नव्याने लिहून, शाळा सुरू व्हायच्या आधी, स्वतः भेटून द्या.